मुलीने बसवलेला डबा

दुपारचं जेवण झालं की ऑफिसातले दिवे मालवायचे आणि सगळ्यांनी टेबलावर उशी ठेवून डोकं टेकायचं, ही शिनचू शहरातल्या त्या कंपनीतली एकच रीत पी-यूला मनापासून आवडायची. एरवी एकमेकांच्या चुका शोधण्यात हयात घालवणारी माणसं तेवढ्या वेळात शाळकरी पोरांसारखी निजलेली दिसत आणि कोणाचाही राग येत नसे. फोन थरथरला तेव्हा ती अर्धवट झोपेत होती. बाबांचं नाव बघून मात्र ताडकन उठली. बाबा कामाच्या वेळी कधी फोन करत नसत. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नलवर गेली होती, आणि ड्यूटीवरच्या माणसाशी बोलू नये हा त्यांचा धर्म होता. ती पाय न वाजवता जिन्यात गेली.

"झोपली होतीस का गं?"

"नाही. काय झालं बाबा?"

"कुठे काय. पोलीस येऊन गेले." गॅसवाला येऊन गेला म्हणावं तसं ते म्हणाले. "आपल्या चौकीतलाच, शेनचा मुलगा. आपल्या दारातले पेरू चोरायचा बघ, तो. आता मला काका म्हणायला लाजतो, साहेब म्हणतो. कुठल्याशा बाईला कोणी फोनवरून गंडवलं, आणि ते सगळं आपल्या घरच्या इंटरनेटवरून झालं म्हणे. मी म्हटलं, बाबा रे, मी त्याच्यावर हवामान बघतो आणि गाण्याची नाटकं बघतो. गुरुवारी बोलावलंय चौकीत. तू येऊ नकोस, रजा फुकट जाईल. मला फक्त एक सांग. मी काही भलतंच दाबलं असेल का?"

ती म्हणाली, "नाही बाबा, तुम्ही काही दाबलं नसणार," आणि फोन ठेवला. पुढचं सगळं तिला पाठ होतं. घराघरांत इंटरनेट पोचवणारा तो राउटर, तिच्या माहेरच्या गल्लीच्या भाषेत डबा, तिचीच कंपनी बनवत होती. त्या डब्यात एक पान असतं, लाईन चालते की नाही ते तपासायचं. तिथे एक पत्ता टाकायचा, डबा तो पत्ता आपल्या पोटात पाठवतो आणि उत्तर आणतो. उन्हाळ्यात बाहेरच्या एका संशोधकाने कळवलं की त्या पत्त्याच्या मागे कोणी गुपचूप आणखी एक हुकूम जोडला, तर डबा तोही तितक्याच इमानाने पाळतो. गड्याला बाजाराची चिठ्ठी द्यावी, वाटेत कोणी तिच्याखाली "आणि तिजोरी उघडून ठेव" असं लिहावं, आणि गड्याने घरी येऊन तिजोरी उघडून ठेवावी, तसं. संकेतशब्द नको, ओळख नको. अशा तक्रारी घेणाऱ्या चार जणांच्या विभागात पी-यू होती. ती ओळ पहिल्यांदा चालवून बघितली तेव्हा तिच्या टेबलावरचा डबा एका दमात तिचा गुलाम झाला होता, आणि त्याच्या डोक्यावर नारळाच्या खाऊची हिरवी पुडी होती. यंत्रांनी शहाण्या बाळासारखं वागावं म्हणून इथे सगळे ती पुडी ठेवतात, हिरवीच लागते आणि तारीख उलटून चालत नाही. पुडीची तारीख अजून उलटायची होती. बाबांच्या डब्यावरही तिने तशीच पुडी ठेवली होती, आणि ते दर वेळी तारखेच्या आत बदलत.

नव्या डब्यांसाठी दुरुस्ती तयार झाली. जुने डबे वयातून गेले, त्यांना दुरुस्ती मिळणार नाही, ते काढून टाकावेत, असं ठरलं. हे सगळं पुढच्या मंगळवारी एकदम जाहीर व्हायचं होतं. तोवर तोंडाला कुलूप. विभागातल्या कोणीही बाहेर बोलायचं नाही, घरीही नाही, आणि बाहेरच्या कुठल्याही डब्याला हात लावायचा नाही, स्वतःच्या आईबापाच्या डब्यालाही नाही. मागे एकाने मेव्हण्याच्या कानात एक गोष्ट सांगितली होती आणि ती चौथ्या दिवशी चोरांच्या बाजारात विकायला निघाली होती. पी-यूने नियम पाळला. नियम पाळणं हे तिला कधी कठीण गेलं नव्हतं, उलट थोडी ऐटच वाटायची त्याची. एकदाच, पावसाळी संध्याकाळी, घरून बाबांच्या डब्याचं पान तिने उघडलं होतं. एक खूण काढली की लांबून डब्यात शिरायचं बाहेरचं दार बंद झालं असतं. तिने खुणेवर बोट नेलं आणि पान मिटलं. त्या रात्री तिला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे आज जिन्यात उभं राहून आठवणं म्हणजे आपल्याच तोंडात मारून घेण्यासारखं होतं.

कारण ते दार मुळात बंदच असतं. कारखान्यातून डबा येतो तो बाहेरचं दार लावून येतो. ते उघडलं होतं तिने. नववर्षाला गावी गेली की ती गल्लीभर डबे बसवत हिंडायची, कंपनीची मुलगी म्हणून घरोघर गोड सुपाचे वाडगे पुढे यायचे, आणि वर्षभर मग फोन, पी-यू, टीव्ही दिसत नाही, पी-यू, नातू दिसत नाही. एवढ्याशा कामाला गावी कोण जाणार? म्हणून तिने प्रत्येक डब्याचं बाहेरचं दार उघडं ठेवलं होतं, म्हणजे शिनचूत बसल्याबसल्या दुरुस्त करता येईल. ही आपली माया, असं ती समजत होती. आई गेली तेव्हासुद्धा ती आधी तिथूनच डबा तपासत बसली होती, फोन का लागत नाही म्हणून. आणि मंगळवारच्या जाहीर सूचनेतलं ते वाक्य तर तिच्याच हातचं होतं, ज्या ग्राहकांनी स्वतः बाहेरचं दार उघडलं नसेल त्यांना धोका नाही. किती स्वच्छ वाक्य! वाचणाऱ्याला वाटावं, ज्यांनी उघडलं ते मरोत.

वेई मॅनेजर जागे होते. ते दुपारी झोपत नसत, झोपल्याचं दाखवत. पी-यूने दार लावून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"वाईट झालं. खरंच वाईट झालं. पण मंगळवारपर्यंत थांब."

"साहेब, ते गुरुवारी चौकीत जाणार. मी फक्त एवढं सांगते की डब्यात भोक आहे."

"कोणाला? गावच्या हवालदाराला? तो चहाच्या टपरीवर बोलेल, संध्याकाळी इंटरनेटवर येईल. आज काही चोरांना माहीत आहे. उद्या सगळ्या चोरांना होईल. कितीतरी घरांत आपला डबा आहे, पी-यू. तुझ्या बाबांचं एक घर."

"चोर आत बसलेत साहेब."

"तेच म्हणतो. थोडेच बसलेत." मग जरा मवाळपणे, "अगं, मंगळवारी सगळं आपोआप स्वच्छ होईल. चार दिवसांनी कोण लक्षात ठेवतं?"

याच्यात खोटं काही नव्हतं, हेच वाईट होतं. माणूस लबाड असता तर त्याच्यावर चिडता आलं असतं.

बुधवारी वेगवान गाडीने गावाकडच्या च्याई स्टेशनावर उतरताना तिला राहूनराहून एक फलाट आठवत होता. ती सात वर्षांची. आई आणि ती आजोळाहून येत होत्या, बदकांची टोपली होती बरोबर, आणि वाटेत टोपलीचा बंद तुटला. लहान स्टेशन. बाबा सिग्नलवर उभे. त्यांनी दोघींना धावताना पाहिलं, पी-यूने त्यांना पाहताना पाहिलं. हात वर करून गाडी अर्धं मिनिट थांबवली असती तर कोणाचं काय जाणार होतं? त्यांनी निशाण दाखवलं. गाडी निघून गेली, पुढची संध्याकाळी. आई बाकावर बसून रडली. दिवेलागणीला बाबा जेवणाचा डबा घेऊन आले, भात आणि हंसाचं मांस, आणि एवढंच म्हणाले, बाकीच्यांनाही घरं असतात. आई त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. पण सात वर्षांच्या मुलीला ते वाक्य जगातलं सगळ्यात मोठं वाक्य वाटलं होतं. त्या वाक्यावर ती शिकली, नोकरीला लागली, लग्नाला नाही म्हणाली तेही बहुधा त्याच वाक्याच्या जोरावर. आणि आता चाळिशी उलटल्यावर प्रथमच तिच्या मनात आलं, की आईचं बरोबर होतं. हा विचार इतका उशिरा आला याचाही तिला संताप आला.

घरात धूप दरवळत होता. दर्शनी खोलीत मेजावर भूमिदेवाचं धुपाटणं होतं. गल्लीचं देऊळ एवढंसं, पण दरवर्षी तिथे चंद्रकोरीसारखे लाकडी तुकडे टाकून कौल लावतात. एक उताणा एक पालथा पडला की देवाचा होकार, ज्याला ओळीने सगळ्यांत जास्त होकार मिळतील त्याच्या घरी वर्षभर धुपाटणं. बाबा आईच्या मृत्यूनंतर दरवर्षी कौल लावत होते. या वर्षी देव एकदाचा प्रसन्न झाला होता. फोनवर ते एखाद्या पोरासारखे हसले होते, "देवाला सुद्धा निवृत्त माणसाची दया आली." भूमिदेव म्हणजे घराच्या सीमेचा राखणदार, आणि त्याच्या शेजारीच, चार हातांवर, तो डबा लुकलुकत होता. हिरवी पुडी जागच्या जागी होती.

"येऊ नको म्हटलं होतं," बाबा म्हणाले. पण त्यांनी दोन ताटं मांडून ठेवली होती.

"बाबा, या गोष्टीत तुमचा काही दोष नाही."

"ते शेनचं पोर ठरवेल. तू जेव."

चौकीत धाकट्या शेनने तिला ताई म्हणून खुर्ची दिली, चहा मागवला, आणि बाबांना मात्र समोर बसवलं. समोर बसलं की माणूस लहान दिसतो. बाबांनी नवा शर्ट घातला होता, गळ्यापर्यंत गुंडी लावली होती. त्या बाईचं नाव शेनने सांगितलं नाही, पण ती बाबांच्याच वयाची होती. तिच्या मुलाला पकडलंय असं सांगून तिला लुबाडलं होतं, आणि त्या भामट्यांचा सगळा माग बाबांच्या घरापाशी येऊन संपत होता. बाबा ऐकता ऐकता मान हलवत होते, चुकीची गाडी चुकीच्या रुळावर गेल्याची हकीकत ऐकावी तसे. पी-यूच्या पायाशी तिची बॅग होती, बॅगेत कंपनीचा लॅपटॉप, आणि त्या लॅपटॉपमध्ये सगळं. तिने आधी ठरवलं होतं काय बोलायचं. वेई मॅनेजर काय म्हणाले तेही तिला आठवत होतं. बाबांच्या मानेवरच्या सुरकुत्यांत घाम साचलेला दिसला आणि तोंडचं कुलूप आपोआप निघालं.

"शेन, ऐक. त्या डब्यातच भोक आहे. बाहेरचा माणूस त्यातून आत येऊन बसतो, घरमालकाला पत्ताही लागत नाही. आम्हाला कंपनीत उन्हाळ्यापासून माहीत आहे. आणि त्याचं बाहेरचं दार मी उघडं ठेवलं होतं, मी."

शेनची पेन्सिल थांबली. बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग शेनकडे, आणि ते हसले. खरंच हसले.

"तिचं ऐकू नकोस रे. लहानपणापासून अशीच आहे. घरात कप फुटला की ही म्हणणार मी फोडला. बापाला वाचवायला आलीय शिनचूहून, नोकरी सोडून."

"बाबा, मी खरं सांगतेय."

"हो हो. कळलं त्याला."

"ताई," शेन अगदी आदराने म्हणाला, "कंपनीचं काही आहे का? दाखवण्यासारखं?"

बॅग तिच्या पोटरीला टेकलेली होती. वाकायचं, चेन ओढायची, एवढंच. नोकरी जाईल. ते एक. पण नोकरीचं तिला तितकं वाटलं नाही, किंवा वाटलं आणि तिने ते दाबलं, आता सांगता येत नाही. तिला ती सगळी घरं दिसली, जिथे अजून चोर शिरले नव्हते. बाकीच्यांनाही घरं असतात. तेच वाक्य, बापाच्याच तोंडचं, बापाच्या गळ्याशी येऊन बसलं होतं. नियम कुठे संपतो आणि भीती कुठे सुरू होते ते तिला कळेना, आणि ते कळेपर्यंत वेळ निघून गेली.

"मंगळवारी येईल," ती म्हणाली.

"मग मंगळवारी बघू. आज काका सांगतात ते लिहून घेतो."

शेनच्या तोंडी पुन्हा काका आलं, यावर बाबा सुखावले. खुर्चीत सरळ बसले आणि एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाले, "लिही. डब्यात काही दोष नाही. तो माझ्या मुलीने स्वतः बसवलाय, तिच्या कंपनीचा आहे. मी म्हातारा माणूस, मला त्यातलं कळत नाही. मीच कुठेतरी काहीतरी भलतं दाबलं असणार."

"काका, असं लिहिलं की बोट तुमच्याकडे येतं."

"येऊ दे की. खरं ते लिही."

चोर सोडून संन्याशाला सुळी हे तिने पुष्कळदा ऐकलं होतं. संन्यासी स्वतःच सुळाची उंची मोजून देतो हे मात्र पहिल्यांदा पाहत होती. बाबांनी घरून बरोबर आणलेला डबा शेनने पुराव्यासाठी ठेवून घेतला. त्यांना दारापर्यंत सोडायला आलेला शेन हळूच म्हणाला, "अशी मुलगी पोटी यायला भाग्य लागतं, काका." बाबा रस्ताभर ते वाक्य चघळत होते. घराच्या वळणावर त्यांनी ते पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.

घरी आल्याबरोबर त्यांनी हातपाय धुतले आणि लाकडी तुकडे घेतले. धुपाटणं परत द्यायला देवाची परवानगी हवी. पी-यू म्हणाली, कोणी मागितलंय का? ते म्हणाले, "मागायच्या आत द्यावं." तुकडे टाकले, दोन्ही पालथे. नाही. पुन्हा टाकले, नाही. देव त्यांना सोडायला तयार नव्हता. बाबा गुडघ्यांवर बसून टाकत राहिले, तोंडाने पुटपुटत राहिले, चौकीत जाऊन आलोय, बरं दिसत नाही, समजून घ्या. शेवटी देवच कंटाळला. बाबांनी दोन्ही हातांनी धुपाटणं उचललं, छातीशी धरलं, आणि समोरच्या त्साय काकूकडे निघाले. कौलात तिचा नंबर दुसरा होता. रस्ता चार पावलांचा, पण त्यांनी तो असा ओलांडला की पी-यूला दारात उभं राहवलं नाही. ती मागोमाग गेली. राख सांडली असती तर तिला बरं वाटलं असतं. सांडली नाही.

त्साय काकूच्या खोलीत, नातवंडांच्या फोटोंच्या मधोमध, तसाच डबा लुकलुकत होता. पलीकडच्या घराच्या खिडकीतही, त्याच्या पलीकडेही. सगळे तिने आणलेले, सगळ्यांची दारं तिने उघडलेली. बाबा आत देवाची मांडामांड करत होते तेवढ्यात तिने काकूला बाजूला घेतलं.

"काकू, तुमचा डबा थोडे दिवस बंद ठेवता का? वायर काढून?"

"का गं?" काकूने तिच्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. गल्लीतल्या बातम्या हिच्याकडे पोलिसांच्या आधी पोचत. "तुझ्या डब्यात काही आहे का? तुझा बाप ह्वो-वांग तर आत्ता चौकीत सांगून आला, डब्यात दोष नाही. मग तो खोटं बोलून आला म्हणायचं का?"

आतून बाबांचा आवाज आला, उदबत्ती कुठे ठेवलीय म्हणून विचारत होते.

"नाही," पी-यू म्हणाली. "सहज म्हटलं."

"सहज!" काकू हसली. "नातू कसा दिसायचा मग मला? तू पण ना."

शुक्रवारी ती परत गेली. शनिवार, रविवार, सोमवार तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. एकदा तिने सूचनेतलं ते वाक्य बदलायचा प्रयत्न केला, तिथे लिहिलं, बाहेरचं दार मदतीसाठी दुसऱ्या कोणी उघडलेलं असू शकतं. वेई मॅनेजरनी ते वाचून म्हटलं, चांगलं आहे, पण लांबतं. मंगळवारी सकाळी सूचना लागली. दुपारपर्यंत बातम्यांत आली. दोन वेगवेगळ्या वाहिन्यांवर कंपनीचं नाव आणि जुन्या डब्याचं चित्र दिसलं, आणि निवेदिका सांगत होती, तो काढून टाका, आजच काढून टाका. नुसतं दार लावून भागत नाही, आत शिरलेला चोर दार लावल्यावर घरातच राहतो. पी-यूला हलकं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. आता खरं सांगायला ती मोकळी होती, आणि शेनकडे दाखवायला कागदही होता. तिने बाबांना फोन लावला.

"बघितलं," बाबा म्हणाले. आवाज खणखणीत होता, गुरुवारपासून असा आवाज तिने ऐकला नव्हता. "सगळी गल्ली गोळा झाली होती इथे. त्साय काकू, तो फळवाला, कोपऱ्यावरचे दोघे, सगळे आपापले डबे उपटून घेऊन आले होते, वायरी लोंबत होत्या. काकू म्हणते, ह्वो-वांग, हा तुझ्या पोरीने घातलेला साप बघ."

"मग? मग बाबा?"

"मग काय! मी ओट्यावर उभा राहिलो. म्हटलं, टीव्हीवर दाखवतात तो दुसरीकडचा माल. माझ्या मुलीच्या हातच्या डब्यात दोष नाही. मी पोलिसांत सही करून आलोय तसं, माझं धुपाटणं गेलं त्यापायी. खोटं असतं तर सही केली असती का मी? गप्प झाले सगळे. काकूने तर माफी मागितली, चार माणसांत. म्हणाली, उद्या देवळात पुन्हा कौल लावू, धुपाटणं तुझंच आहे."

"आणि डबे?"

"लावले परत. सगळ्यांनी. मीच फिरलो घरोघर, नीट बसलेत की नाही बघायला. माझ्या शब्दापुढे कोण जातं इथे?" ते हसले. "तू काळजी करू नकोस. तुझं नाव मी खाली पडू दिलं नाही."

पलीकडे ते वाट बघत होते, शाबास म्हणेल म्हणून. गल्लीभर डबे लुकलुकत होते आणि प्रत्येकामागे तिच्या बापाचा शब्द उभा होता. आता घरोघर फोन करून तो शब्द मोडायचं काम तिच्याकडे आलं होतं, आणि सुरुवात त्यांच्यापासूनच करायची होती.

"बाबा," ती म्हणाली, "बसा जरा."